वेताच्या खुर्चीची चाळीस सेकंदं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या स्टुडिओच्या मालकीणबाई. माझ्या उजवीकडे बसलेले दिग्दर्शक महोदय, ज्यांनी दुखरे गुडघे घेऊन तीन जिने चढण्याचं मनावर घेतलं. डावीकडे बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या ताई. पहिल्या रांगेत बसलेल्या ताईंच्या मातोश्री. आणि समोर जमलेले आवाजवाले, संकलनवाले, डबिंगचे कलाकार, कॅन्टीनची मंडळी आणि माझे मेहुणे, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मेहुण्यांचा उल्लेख वेगळा का केला ते पुढे कळेल. मेहुणे, आत्ताच उठून जाऊ नका.

निवेदिकेने माझ्या हातात चिठ्ठी दिली आहे, 'सर, दहा मिनिटं.' सात वर्षांपूर्वी मी इथून ध्वनिसंयोजक म्हणून निवृत्त झालो तेव्हा दिलेल्या चिठ्ठीवरही दहाच मिनिटं होती आणि मी पन्नास मिनिटं बोललो होतो. त्या पन्नास मिनिटांत मी ताईंचं नाव किती वेळा घेतलं, आठवतंय कोणाला? नाही ना? घेतलंच नव्हतं. आज मात्र मी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवणार आहे. त्यात 'समर्पण', 'निष्ठा', 'ऋणानुबंध' असे मोठमोठे शब्द आहेत. ते कुणाच्याही निरोपाला चालतील. पुढच्याला देईन मी ते.

ताई चौतीस वर्षं इथे काय करत होत्या, ते नव्या मुलांना नीट माहीत नसेल. पडद्यावर नायिका जिना उतरते, ती पावलं ताईंची. खलनायक कप आपटतो, तो कप ताईंचा. एकदा एक मोठा नट इथे डबिंगला आला आणि ऐटीत म्हणाला, "माझी पावलं कोण काढतं हो?" ताई पावलं वाजवायच्या लाकडी फळीवरून म्हणाल्या, "मी. तुमचा उजवा बूट घासतो, म्हणून गेले तीन सिनेमे मीपण घासतेय. डॉक्टरला दाखवा एकदा." त्याने दाखवलं. गुडघ्यात खरंच काहीतरी निघालं! तर असे हे कान.

आणि दुसरं एक काम. बाहेरच्यांना हे सांगितलं की हसतात. कुठल्याही खोलीत आवाज घेऊन झाला की आम्ही तीच खोली एक मिनिट रिकामी घेतो. म्हणजे कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त खोली ऐकायची. कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. बँकेची वेगळी, इस्पितळाची वेगळी, भांडण होऊन गेलेल्या स्वयंपाकघराची तर फारच वेगळी. ती संवादांच्या खाली अंथरली नाही तर सिनेमा खोटा वाटतो. हे मिनिट सुरू करायचं काम ताईंचं. त्या हात वर करायच्या आणि निर्माता असो की चहावाला, जो जिथे असेल तिथे थिजायचा. एकदा मालकांना, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांना, नेमकी तेव्हाच शिंक आली. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की शिंक आल्या वाटेनं परत गेली.

आता त्या सिनेमाकडे येतो. माझ्या गळ्यात आजवर जे जे हार पडले, ते सगळे त्याच्यामुळे. नाव घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक नवं जोडपं भाड्याच्या घरात राहायला येतं. घरमालक म्हणतो, सगळं घर तुमचं, एवढी एक खोली सोडून. त्या खोलीत त्याचे काका राहायचे, ते आता नाहीत. बस्स. पुढची चाळीस मिनिटं काहीही होत नाही. बायको पडदे लावते, भांडी पुसते, कपडे वाळत घालते. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला सगळं माहीत आहे, पण तो सांगत नाही. जिन्यात भेटला की हवापाण्याचं बोलतो आणि दार लावून घेतो.

पहिल्या खेळाला निर्माते माझ्या शेजारी बसले होते. विसाव्या मिनिटाला कुजबुजले, "अहो, भूत कधी येणार?" मी म्हटलं, "येत नाही." त्यांनी कपाळाला हात लावला.

आणि मग ते दृश्य. ती बाई वाळलेले कपडे हातावर घेऊन त्या खोलीच्या दारात उभी आहे. आत एक वेताची आरामखुर्ची, रिकामी. कॅमेरा हलत नाही. संगीत नाही. चाळीस सेकंदं. आणि त्या शांततेत वेत हळूच कुरकुरतो. एकदा. मग जरा थांबून पुन्हा. मग एकदा लांबलचक. बाई दार ओढून घेते आणि पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालायला लागते. संपलं दृश्य. ना किंकाळी, ना चेहरा. पण थिएटरात लोकांनी पाय वर घेतलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. निर्मात्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते मध्यंतरापर्यंत सोडलं नाही.

दचकवणं सोपं असतं हो. पत्र्याचा डबा पाडा, अख्खं थिएटर दचकेल आणि दुसऱ्याच क्षणी हसेल. हा सिनेमा कोणाला दचकू देत नाही. तो तुम्हाला बसवून ठेवतो. इतका वेळ बसवतो की तुम्ही आपणहून कान देऊ लागता, आणि एकदा कान दिला की मग तुमची सुटका नाही. मला एका प्रेक्षक बाईंचं पत्र आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'मी हा सिनेमा नऊ वेळा पाहिला. घरचे विचारतात, एवढं घाबरायला कशाला जातेस? मी त्यांना कसं सांगू, मी घाबरायला जात नाही. त्या खोलीत कोणीतरी आहे, एवढंच ऐकायला जाते. माझ्या घरातली खोली फारच रिकामी झाली आहे.'

हे पत्र मी प्रत्येक व्याख्यानात वाचून दाखवायचो. छाती फुगवून! देशोदेशी गेलो, मुलांना फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं, 'भीती म्हणजे अमुक पट्टीतला आवाज, तमुक अंतरावर.' मुलं वहीत उतरवून घ्यायची. त्या मुलांपैकी कोणी इथे असेल तर कृपा करून ती पानं फाडून टाका.

तो आवाज मी केलेला नाही.

मागे ऐकू आलं ना? पुन्हा सांगतो. ती चाळीस सेकंदं माझी नाहीत. ती ताईंनी आणली. हे मी तेवीस वर्षं लपवलं. आता कसं, ते सांगतो. मधे कोणी टाळ्या वाजवू नका, त्या मला फार लागतील.

त्या दृश्यासाठी ताईंनी अकरा खोल्यांची शांतता आणली. मी अकराही परत केल्या. तेव्हा माझा रुबाब असा होता की हेडफोन काढून मेजावर नुसता ठेवला तरी समोरच्याने समजून जावं. अकराव्या वेळी मी म्हणालो, "अगं, ही शांतता मेलेली आहे. मला अशी खोली आण, जिच्यातून कोणीतरी नुकतंच उठून गेलंय." भारी वाक्य होतं. मलाच आवडलं. ताई शुक्रवारी संध्याकाळी रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन घरी गेल्या.

शनिवारी सकाळी ताईंचे वडील गेले. चहा पिता पिता. ताईंचा फोन आला तेव्हा माणसं जे बोलतात ते मीही बोललो. काळजी घे, आईकडे बघ, काही लागलं तर सांग. इथे त्याच दिवशी मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बांधायचं काम, सुरू झालं. मंगळवारी दुपारपर्यंत सगळं झालं, फक्त ते दृश्य राहिलं. मग मी ताईंच्या घरी फोन केला. चौथा दिवस होता तो. मला आज इथे उभं राहून सांगायला फार आवडलं असतं की मी विचारपूस करायला फोन केला. मी विचारलं, "मशीन तुझ्याकडेच आहे ना? मग... शांतता मिळाली का?"

मला वाटलं, फोन बंद पडला. मी दोनदा 'हॅलो, हॅलो' केलं. मग ताई म्हणाल्या, "मिळाली, सर."

"छान! पाठवून दे मग."

'छान' म्हणालो मी. हा शब्द माझ्या तोंडून गेला आहे. ताईंच्या शेजाऱ्यांच्या हाती टेप आली. आम्ही लावली, आणि मिक्सिंगच्या खोलीत सहा माणसं होती, सहाही गप्प झाली. मी विचारलं नाही, ही कुठली खोली. कुठली खुर्ची. विचारायला पाहिजे होतं की नाही? ज्याचा धंदाच कानांचा, त्याला एवढंही ऐकू येऊ नये? पण मला हवं ते मिळालं होतं. मिळालं की माणूस विचारत नाही.

आता नियमाचं सांगतो. आपल्याकडे दारावर एक कागद होता, 'मिक्सिंगला जो हजर, त्याचंच नाव नामावलीत.' नियम मी केला होता, अक्षरही माझंच. ताई चार दिवस नव्हत्या. मी पेन घेतलं आणि त्यांच्या नावावर रेघ ओढली. आणि जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे कोणाचं नाव घातलं? आमच्या मेहुण्यांचं! मेहुणे तेव्हा रिकामे होते, चारही दिवस मागच्या सोफ्यावर हजर होते, नियमात अगदी चोख बसत होते. एकदा त्यांच्या घोरण्यामुळे आम्हाला काम थांबवावं लागलं, एवढंच काय ते त्यांचं ध्वनीतलं योगदान. मेहुणे, हसा, पण दोष तुमचा नाही. तुम्हाला तर पडद्यावर नाव पाहून कळलं.

पुढे मला तो मोठा पुरस्कार मिळाला. मंचावर विचारलं, हे कसं सुचलं? मी म्हणालो, "मी तीन दिवस एका रिकाम्या खोलीत नुसता बसून होतो." असं तोंडाला आलं आणि बोलून गेलो. लोक उभे राहिले. ताई सातव्या रांगेत होत्या, त्याही उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी बघितलं आणि मान वळवली.

तोपर्यंत मी निदान अर्धा अजाण होतो, असं स्वतःला सांगता येत होतं. चार वर्षांनी तेही गेलं. ताईंना ताप आला होता, मी फळं घेऊन त्यांच्या घरी गेलो. ताई आतल्या खोलीत पलंगावर पडल्या होत्या. आई बाहेर खिडकीपाशी वेताच्या आरामखुर्चीत बसल्या होत्या. "बसा, चहा टाकते," म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. खोलीत मी आणि ती खुर्ची.

आणि ती कुरकुरली. एकदा. जरा थांबून पुन्हा. मग लांबलचक.

अहो, तो आवाज मी हजार वेळा ऐकला होता. पोटच्या पोराचा ओळखावा तसा ओळखला. माणूस बराच वेळ बसून उठला की दबलेला वेत हळूहळू मोकळा होतो. त्यात भूतबीत काही नाही. तरी माझ्या हातातलं सफरचंद खाली पडलं. तो सिनेमा पाहून मी कधी घाबरलो नव्हतो. त्या दिवशी घाबरलो. आई चहा घेऊन आल्या. मी कसंबसं म्हटलं, "खुर्ची जुनी दिसते." आई म्हणाल्या, "ह्यांची. ते गेले तेव्हा तीन दिवस मी हिच्यातून उठलेच नाही. शेवटी पोरीनं हाताला धरून उठवलं. चार घास खाऊन घे म्हणाली."

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. ताई उशीवरून माझ्याकडेच बघत होत्या. मला कळलंय, हे त्यांना कळलं. आणि त्या काय म्हणाल्या? "सर, साखर बरोबर आहे ना?"

मी चहा प्यायलो. बरोबर आहे म्हणालो. आणि पुढच्याच आठवड्यात एका विद्यापीठात जाऊन फळ्यावर त्याच आकृत्या काढल्या.

त्यानंतर एकोणीस वर्षं गेली. सिनेमातल्या त्या शेजाऱ्यावर लोक चिडतात बघा, 'अरे बाबा, सांग ना तिला! तोंड शिवलंय का तुझं?' मला आता वाटतं, त्या सिनेमात सगळ्यात भयंकर कोण असेल तर तो शेजारी. तो काहीच करत नाही. जिन्यात भेटतो, हवापाण्याचं बोलतो. रोज सांगायचं राहतं, आणि रोज सांगणं आणखी अवघड होतं. मला रोज सकाळी या स्टुडिओच्या जिन्यात ताई भेटायच्या. "आज उकाडा आहे हं," म्हणायचो मी.

आज समारंभाच्या तासभर आधी मी त्यांना छोट्या रेकॉर्डिंग रूममध्ये गाठलं. पिशवीत तो पुरस्कार होता. म्हटलं, हा तुमचा, घ्या. ताईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या कपाटातच असू द्या सर. समोर दिसत राहू दे. आणि मला धूळ पुसायला वेळ नाही." मी म्हटलं, मग मी करू तरी काय? तुम्ही इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीत, जाब विचारला नाहीत. निदान आज तरी शिव्या द्या.

त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "सर, मशीन मी तुमच्यासाठी लावलंच नव्हतं. आईला उठवून आत नेलं आणि परत आले, तर खुर्ची बोलत होती. मला वाटलं, बाबांचं एवढंच राहिलंय, तेही आता थांबेल. म्हणून लावलं. तुमचा फोन आला नसता तर ती टेप घराबाहेर गेलीच नसती. पण तुम्ही विचारलंत. नोकरी होती. नाही म्हणायचं सुचलं नाही. आणि आईला अजून माहीत नाही. तिचं दुःख मी न विचारता बाहेर देऊन टाकलं, त्यावर लोक तिकीट काढून घाबरतात, हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून मी गप्प. तुम्ही तुमच्या लाजेनं, मी माझ्या."

मग म्हणाल्या, "मला काही नको. आईला सांगा. तुम्ही सांगा."

तर अध्यक्षा महोदया, चिठ्ठीवरची दहा मिनिटं केव्हाच उलटली, मला माहीत आहे. एकच माणूस राहिलं आहे.

आई, तुम्ही तो सिनेमा कधी पाहिला नाहीत. 'मला भुताखेताचं सोसत नाही' म्हणता. आई, त्यात भूत नाही. त्या खोलीत कोणीतरी आहे असं लोकांना तेवीस वर्षं वाटत आलंय, ते तुमचं उठणं आहे. तीन दिवसांनी तुम्ही त्यांच्या खुर्चीतून उठलात, त्याचा तो आवाज. तुमच्या लेकीनं तो चोरला नाही. तिनं तो बाबांसाठी जपून ठेवला होता. तिच्याकडून मागून नेला तो मी. चौथ्या दिवशी, फोन करून. आणि तिचं नाव खोडलं तेही मीच. रागवायचं तर माझ्यावर रागवा. तिला घरी गेल्यावर एक शब्दही बोलू नका. ती त्या दिवसापासून स्वतःला बोलतेच आहे.

आई, मान खाली घालू नका. मान खाली घालायला आज मी इथे उभा आहे.

आता राहिलेलं पटापट सांगतो. चहापानानंतर या सिनेमाची नवी प्रत दाखवणार आहेत. दिग्दर्शक महोदयांनी माझ्या सांगण्यावरून त्यात नामावली बदलली आहे. त्या खोलीच्या आवाजापुढे एकच नाव आहे, ताईंचं. मेहुणे, तुमचं काढलंय. घरी जे ऐकायला लागेल ते मी ऐकीन. माझं नाव कुठे आहे ते शोधू नका. दारावरचा तो नियमाचा कागद मघाशी येताना मी फाडून आणला, तो या खिशात आहे.

मालकीणबाईंनी मला बोलावलं, आपण सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलं, कॅन्टीनच्या मंडळींनी चहा दोनदा गरम केला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला काही लागलं असेल, ते पोटात घाला. पण जे बोलायला मी तेवीस वर्षं लावली, ते मात्र पोटात घालू नका. ते लक्षात ठेवा.

आता पंखे बंद करा. फोन बंद करा. मेहुणे, जागे आहात ना? मिक्सिंगनंतर ताईंच्या घरी परत गेलेली मूळ टेप त्यांनी आज आणली आहे. चाळीस सेकंदं. ताई, उठा, नेहमीसारखा हात वर करा. आम्ही कोणी हलणार नाही.

आई, घाबरू नका. आपलीच खुर्ची आहे.